पांढऱ्या शर्टाची कड

१२ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. पिटुकलीचा पडलेला दात आणि तो ठेवायला तिने केलेली कागदाची डबी, दोन्ही डोळ्यांसमोर आलं. नात माझी, पण तिचे दात मला तुमच्या पत्रातून कळतात. लांब्या फोन करतो, नाही असं नाही. पण "बरं आहे ना?" "बरं आहे" एवढ्यातच आम्हा मायलेकांचं बोलणं आटोपतं. तुम्हाला फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही. उभं आयुष्य त्या ड्रायरच्या पंख्याशेजारी रंग कालवलेत, कान तिथेच राहिले.

आता कामाचं. मी कपड्यांवर छापायचं डिजिटल मशीन घ्यायचं ठरवलं आहे. घाबरू नका, हाताने छापायच्या आपल्या जाळ्या मोडीत काढत नाहीये. लहान मुलांच्या कपड्यांचा आपला जुना दुकानदार, तोच तो, बोलता बोलता कान खाजवणारा, त्याला गडद निळ्या शर्टांवर मासे हवे आहेत. एकेका माशाच्या खवल्यांत इतक्या छटा आहेत की प्रत्येक रंगाची वेगळी जाळी करायची तर फ्रेमा ठेवायला दुसरं घर लागेल. सगळंच मशीनवर छापावं, तर गडद कापडावर त्याचा पांढरा रंग फार हळू चढतो आणि मनासारखा भरतही नाही. म्हणून दोन्ही मिळून करायचं. माशाच्या आकाराचा पांढरा बेस आपल्या जाळीने छापायचा, त्याच्यावर रंग मशीनने भरायचे, आणि शेवटी डोळा पुन्हा जाळीने, फुगणाऱ्या शाईचा, पोरांच्या बोटाला लागेल असा. हे असते तर म्हणाले असते, "वयात फार अंतर आहे, हे लग्न टिकायचं नाही."

अडचण जागेची आहे. मशीनचा माणूस पाहणी करून गेला. कापडाचे तंतू उडतात ते मशीनला चालत नाहीत. बंद खोली हवी, धूळ नको, हवा फार कोरडी नको. सगळा कारखाना आणि मागचं घर हिंडून तो तुमच्या खोलीपाशी थांबला. म्हणाला, "ही उत्तम." मी म्हटलं, ही राहती खोली आहे. त्याने आत डोकावून पाहिलं. गादी गुंडाळलेली, खिडकी लावलेली. "कोण राहतं?" म्हणाला. मी पुढे होऊन खिडकी उघडली.

पिटुकली शाळेत रुळेपर्यंत म्हणून तुम्ही गेलात, त्याला आता वर्ष होऊन गेलं. लांब्या म्हणतो, आत्या इथे छान रमली आहे. म्हणून विचारते. खोली देऊ का मशीनला? तुम्ही सांगाल तसं.

तुमची,
वहिनी


२० जानेवारी

प्रिय वहिनी,

विचारायचं काय त्यात? देऊन टाक खोली. रिकामी पडून भिंतींना काय लाभ होणार आहे? माझी ट्रंक माळ्यावर टाक. रंगांचे जुने डबे खडखडीत वाळले असतील, ते फेकलेस तरी चालेल. वजनकाटा तेवढा ठेव. तो चांगला आहे, आता तसे मिळत नाहीत.

माझी काळजी करू नकोस. इथे घर कसं भरलेलं असतं. सकाळी तर स्वयंपाकघरात एकमेकांच्या पायात पाय. सूनबाई मला काही करू देत नाही, "आत्या, तुम्ही बसा" म्हणते. मग मी बसते. नऊ वाजता सगळे आपापल्या वाटेने गेले की घर अगदी नीटनेटकं होतं. बसायच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतलं एक घर दिसतं. तिथल्या बाई दुपारी इस्त्री करतात. कॉलर आधी करतात की बाही, ते मला आता पाठ झालंय. एकदा त्यांनी मान वर केली म्हणून मी हात हलवला. त्यांनी पडदा ओढून घेतला. उन्हासाठी असेल.

पिटुकली मोठी झाली गं. पूर्वी गोष्ट संपली की "पुढे?" म्हणायची. आता मधेच म्हणते, "कळलं, कळलं."

मशीन जपून घे. चालवायला कोणी शिकलेलं माणूस ठेव. तू बटणं दाबत बसू नकोस, मिक्सर चालू करतानाही तू दोन पावलं मागे सरतेस.

तुझी,
वन्सं


३ मार्च

प्रिय वन्सं,

उत्तराला उशीर झाला. मशीन आलं, बसलं. ते येण्याआधी तुमची खोली मोकळी केली. तुम्ही इतक्या चटकन 'देऊन टाक' लिहिलंत, तेव्हा म्हटलं, आपण कशाला रेंगाळायचं? ट्रंक माळ्यावर आहे. दाराजवळच्या भिंतीवर तुम्ही रंगाचं बोट पुसायचात, तिथे किती वर्षांचे किती रंग होते. मशीनच्या माणसाने भिंती गुळगुळीत हव्यात म्हणून सांगितलं. रंगारी आला आणि जेवायच्या सुट्टीच्या आत सगळं पांढरं करून गेला. मी तेव्हा मुद्दाम दुकानदाराकडे गेले होते.

मशीनवर एक मुलगी ठेवली आहे. आम्ही तिला चष्मेवाली म्हणतो. कामाला चोख. कानात गाणी घालून बसते. मी काही विचारलं की एका कानातलं काढते, उत्तर देते, पुन्हा घालते. तिला तरी काय बोलू? संध्याकाळी जाताना "येते हं काकू" म्हणते आणि दार लावून घेते. मग मी आणि ते मशीन. बंद असलं तरी आतून अधूनमधून काही तरी गुरगुरतं. चष्मेवाली म्हणते, ते स्वतःची शाई स्वतः साफ करतं. म्हणजे माणसासारखंच झालं, मी हाक मारायची तेवढी राहिली.

असो. पहिले शर्ट निघाले ते फार सुंदर दिसले. मी एक धुऊन पाहिला. मासा गेला वन्सं. पांढरा बेस जागच्या जागी आणि वरचे रंग सोलून निघाले, खवले खरवडल्यासारखे. बेस तर मी स्वतः ड्रायरमधून दोनदा काढला होता, कच्चा राहू नये म्हणून. चष्मेवाली म्हणते मशीनचा दोष नाही. मशीनचा माणूसही तेच म्हणतो. मग दोष कोणाचा? दुकानदाराला महिनाअखेर माल द्यायचा आहे. हा माल फसला तर तो पुन्हा आपल्या दारात यायचा नाही.

तुमची,
वहिनी


९ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले, सूनबाई घरात नसताना काढलेला पोळपाट तसाच टाकून. दोष तुझ्या चोखपणाचा आहे. बेस तू पुरा भाजलास, तेही दोनदा. पुरा भाजलेला बेस कोणाला जवळ घेत नाही. दादांच्या वेळी लाल फुलांच्या कामात असंच झालं होतं, आठवतं? पिवळ्यावरचं लाल सालीसारखं निघालं होतं आणि दादांनी आधी कापडाला, मग शाईवाल्याला आणि शेवटी मला बोल लावले होते.

आता असं कर. बेस छापलास की शर्ट ड्रायरमध्ये घालायचाच नाही. तापदिव्याखाली जरा धरायचा. बोट लावून बघायचं. बोटाला पांढरं लागता कामा नये, पण थर बोटाखाली मऊ वाटला पाहिजे. त्या अवस्थेत मशीनचे रंग त्याच्यावर घे, मग डोळा छाप, आणि मग सगळं मिळून एकदाच ड्रायरमधून भाज. एकत्र भाजलं की एकत्र राहील. दिव्याखाली किती वेळ, ते मी इथून सांगू शकत नाही. दिवा आणि कापड बघून ठरतं. चष्मेवालीला घड्याळ लावू दे, पण बोट तुझं.

मी ते डिजिटल काम कधी पाहिलं नव्हतं. म्हणून पिटुकलीचं कपाट उघडून तिचे सगळे छापील कपडे पलंगावर काढले आणि बोटांनी चाचपून पाहिले. जाळीची शाई हाताला लागते, मशीनची लागत नाही. एका फ्रॉकवर दोन्ही सापडली. इतका आनंद झाला म्हणून सांगू. तेवढ्यात सूनबाई लवकर घरी आली. तिने सगळा पसारा पाहिला आणि कानाशी वाकून विचारलं, "आत्या, काही हरवलंय का?" मी नाही म्हटलं. तिने एकेक घडी करून सगळं परत ठेवलं. रात्री लांब्याने मला डॉक्टरकडे जायचं का विचारलं. मी म्हटलं, कानासाठी ना? तो हो म्हणाला, पण जरा थांबून.

धुऊन बघ आणि कळव. वाट बघते.

तुझी,
वन्सं


१६ मार्च

प्रिय वन्सं,

मासा राहिला. तीनदा धुतला, चोळून धुतला, पिळला. चष्मेवालीने दोन्ही कानांतलं काढलं. "काकू, तुम्हाला हे कोणी सांगितलं?" मी म्हटलं, आमच्या वन्संनी. "त्या कुठल्या कंपनीत असतात?" मी म्हटलं, या खोलीत असायच्या, तू बसली आहेस तिथेच. तिने खुर्चीकडे पाहिलं आणि उगीचच जरा सरकून बसली.

आता दुसरं. रंग टिकले, पण प्रत्येक माशाभोवती पांढरी किनार दिसते. साबणाच्या फेसातून उठून आल्यासारखे दिसतात सगळे. एकाची डावीकडे जास्त, एकाची उजवीकडे. दुकानदार बघून गेला, कान खाजवला आणि काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

तुमच्या पोळपाटाचं वाचून हसले. मी हल्ली ओट्यापाशी उभ्यानेच जेवते. एका माणसासाठी ताट काय घ्यायचं? शाळेतल्या सिस्टर बघत्या तर छडी मिळाली असती. उभ्याने खाणाऱ्या मुलींना त्या घोडे म्हणायच्या. हे लिहायचं नव्हतं, पण खोडलं तर पान घाण दिसेल.

डॉक्टरचं काय ते नीट कळलं नाही मला. बऱ्या आहात ना?

तुमची,
वहिनी


२४ मार्च

प्रिय वहिनी,

मी ठणठणीत आहे. किनारीचं सोपं आहे. बेसची जाळी ज्या फिल्मवरून बनते ती तू माशाच्या मापाची केलीस, ती सगळ्या बाजूंनी केसभर लहान कर. रंग कडेवरून जरासे बाहेर सांडले पाहिजेत, म्हणजे पांढरं झाकलं जाईल. आणि डावी-उजवी होते त्याचं कारण असं की तू शर्ट जाळीच्या पाटावरून काढून मशीनच्या पाटावर पुन्हा चढवतेस. कापड आहे ते, दरवेळी तसंच कसं बसेल? जाळीला आणि मशीनला, दोन्हीकडे बसेल असा एकच पाट करून घे. शर्ट एकदा चढला की डोळा छापून होईपर्यंत उतरवायचा नाही. सुतार तो आपला, तोतरा, करून देईल.

इथे कोपऱ्यावर मुलांच्या कपड्यांचं मोठं दुकान निघालंय. काल गेले होते. वाटलं, आपल्यासारखं काम कुठे आहे का बघावं. एकेक शर्ट उघडून किनार बघत होते. दुकानातली मुलगी आली. चांगली होती बिचारी, माझ्या कानाशी येऊन मोठ्याने बोलली. "आजी, माप काय हवं? कोणासाठी घ्यायचंय?" मला सांगताच येईना. पिटुकलीचं नाव सांगितलं असतं तरी माप मला माहीत नाही म्हणावं लागलं असतं. तिचे कपडे सूनबाई फोनवरून मागवते. मी म्हटलं, "नुसतं बघतेय." तिने एक स्टूल आणून दिलं. मी बसले थोडी. कोणी उठा म्हणालं नाही.

ताट घेऊन बसून जेवत जा. हे मी सांगते आहे असं नाही, दादांनी सांगितलं असतं.

तुझी,
वन्सं


२ एप्रिल

प्रिय वन्सं,

सुताराने पाट करून दिला. किनार गेली. दुकानदाराने माल उचलला आणि वर आणखी काम दिलं, तेच मासे, पण या वेळी पांढऱ्या शर्टांवर. उन्हाळ्यासाठी हवे आहेत म्हणतो. तेव्हा ती काळजी मिटली.

पण नवीनच काहीतरी सुरू झालं आहे. पांढऱ्या शर्टांवरसुद्धा माशाच्या कडेला पांढरं डोकावतं. उजवीकडे विशेष. बेस मधूनमधून उखडतोही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे फिल्म लहान केली, पाट तोच, दिवा तोच, बोटही लावून पाहिलं. चष्मेवालीने हात टेकले. मी तर रात्र रात्र विचार करते. हे पत्रात लिहून समजेल असं वाटत नाही. डोळ्यांनी पाहायला हवं कोणीतरी.

मशीन खोलीत असलं तरी खोलीच्या दाराला अजून तुमचाच पडदा आहे. धूळ अडते त्याने.

तुमची,
वहिनी


२१ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आधी मी उत्तर लिहायला घेतलं होतं, नेहमीसारखं. उजवीकडे जास्त का असेल, पाटाची खुंटी सैल झाली असेल का, असं अर्धं पान लिहिलं. मग हात थांबला.

पांढऱ्या शर्टाला आपण बेस लावतच नाही, वहिनी. कापडच पांढरं, त्यावर मशीन सरळ छापतं. मग उखडतो तो बेस कुठला? आणि पांढऱ्यावर पांढरं डोकावलेलं तुला दिसलं कसं?

आधी हसले. एकटीच, मोठ्याने. माझं हसणं मला ऐकू येत नाही, पण समोरच्या इस्त्रीवाल्या बाईंनी मान वर केली म्हणजे मोठ्यानेच असणार. मग मला तुझा राग आला. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, आणि 'या' म्हणायला तुला शर्टाला रोग लावावा लागला? आणि तोही असा, की दादा असते तर तुला कामावरून काढलं असतं.

राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली, आणि मी स्वतः काय काय लिहिलं तेही आठवून पाहिलं. तू विचारलंस, खोली देऊ का? मला वाटलं, ही आडून सांगते आहे की आता तुमची इथे गरज उरली नाही. म्हणून मी ऐटीत देऊन टाक म्हटलं. पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना जिन्यात बसून राहिले होते. वर जायला घाई कशाची होती? वर कोणी नव्हतं.

घर भरलेलं असतं असं मी लिहिलं ते खोटं. सकाळचा एक तास असतं. मग थेट दिवेलागणीपर्यंत मी आणि खिडकी. पिटुकली शाळेतून एका शिकवणीला जाते, तिथून दुसऱ्या. लांब्या आणि सूनबाई दोघंही चांगली आहेत, त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. पण जेवताना ती बोलतात ते मला ऐकू येत नाही. पुन्हा विचारलं की लांब्या म्हणतो, "काही नाही गं आत्या, असंच." दिवसभरात माझ्या वाट्याला येतं ते एवढंच 'असंच'. या महिन्यांत मला कोणी काही विचारलं असेल तर ते फक्त तू, आणि तेही शाईबद्दल. तुझं पाकीट आलं की मी ते लगेच उघडत नसे. आधी अंघोळ करायची, साडी बदलायची, मग उघडायची.

आणि मी मूर्ख. तू अडचण लिहावी आणि मी ती पत्रातच सोडवून टाकावी. एकदा तरी म्हणायचं होतं, हे इथून जमणार नाही, मलाच यावं लागेल. जमत होतं गं, त्याला काय करू? उत्तर माहीत असून हाताशी ठेवणं मला येत नाही.

आता यावं म्हटलं तर खोली मीच देऊन बसले. मशीन हलवता येत नाही, तंतू उडतात, ते मला कळतं. तेव्हा हे पत्र नुसतं आपलं लिहिलं आहे. त्यातून तू काही करायला हवंस असं नाही. लांब्यालाही मी काही बोललेले नाही.

तुझी,
वन्सं


२७ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी यंत्राच्या खोलीत उभ्याने वाचलं आणि मग खाली बसले. चष्मेवाली घाबरली. तिला म्हटलं, काही नाही, मी चोरी करताना पकडले गेले.

पांढरे शर्ट नुसते उत्तम निघाले होते. ते पाहूनच माझं धाबं दणाणलं. आता विचारायला काहीच उरलं नाही, आता पत्र कशाबद्दल लिहू? त्या घाईत जे सुचलं ते लिहिलं. शर्टाचा रंग बघायचं भान राहिलं नाही. तुमच्याशी खोटं बोलायचं तर आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं.

'या' असं सरळ का नाही लिहिलं, विचारता. तुम्ही माझ्या मुलाच्या घरी, माझ्या नातीजवळ. तुम्हाला तिथून ओढून इथे कशासाठी आणायचं, माझ्याबरोबर उभ्याने जेवायला? असं वाटायचं. लांब्या म्हणत होता रमली आहे. मी विश्वास ठेवला, कारण न ठेवून तरी काय केलं असतं? आणि थोडा हेवाही वाटायचा, तो काही खोडत नाही. दातांची डबी तुम्हाला बघायला मिळाली होती.

खोली गेली ती गेली, ती परत देता येणार नाही. माझ्या खोलीत तुमच्या दादांची खाट आहे. इतकी वर्षं तिच्यावर मी धुतलेले कपडे टाकत आले, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. आज ते कपडे उचलले. मी घोरते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला ऐकू येणार नाही, हे एक बरं झालं.

लांब्याशी मी सकाळीच बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, मला वाटलं ती खूश आहे." मी म्हटलं, मलाही वाटलं होतं. पिटुकलीला सुट्टीत इथे घेऊन येईन म्हणाला. आणेल तेव्हा खरं.

इथे आलात म्हणून तुम्हाला रोज काही काम असेल असं मी सांगत नाही. चष्मेवालीला आता सगळं येतं, बोटही लावता येतं. शर्ट धुऊन पाहायचं मी सोडून दिलंय. मशीन उत्तम चाललं आहे. कसलीही अडचण नाही.

तरी या.

तुमची,
वहिनी